खरं वजन एका कोपऱ्यात

पहिल्यांदा दुकानात पाय ठेवणाऱ्या माणसाले मिस्त्री कधी काय पाहिजे म्हणून विचारत नसे. डोळे मिटायले लावायचा. मग त्याच्या दोन्ही तळहातांवर एक डब्बा ठेवायचा, जरा वेळानं तो उचलून दुसरा ठेवायचा, आणि विचारायचा, यातला कोणता घ्यान. माणूस हसला की दोन्ही डब्बे परत फळीवर जायचे आणि मिस्त्री आपल्या कामाले लागायचा. हसलेल्या गिऱ्हाइकाले तो पुन्हा ओळखत नसे.

माझ्या हातावर त्यानं डब्बे ठेवले तेव्हा माझ्या लग्नाले पंधरा दिवस झाले होते. सासर अकोल्याचं. सासऱ्याचं हारफुलांचं दुकान होतं आणि भिंतीले भिंत लागून मिस्त्रीचं. तो रेडिओ, टेप दुरुस्त करायचा आणि स्वतःच्या हातानं अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे रेडिओतला, टेपमधला बारका आवाज मोठा करून स्पीकरले पुरवते ते यंत्र. मिस्त्री त्याले नुसता डब्बा म्हणायचा. बायको लहानपणापासून त्याले भाईजान म्हणे, आणि नवा नवरा दाखवायले म्हणून मले घेऊन गेली होती.

मी अमरावतीच्या धान्य बाजारात मापारी. शाळा सातवीत सुटली आणि काट्यावर उभा राहिलो तो अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत. तूर, गहू, सोयाबीन, सरकी, जे पोतं येईल ते तोलायचं. मी डोळे मिटून सांगतलं, "दुसरा जड हाय, पन घेईन मी पहिला."

"कावून?" मिस्त्रीनं विचारलं.

"पहिल्याचं वजन एका कोपऱ्यात हाय. दुसऱ्याचं मधोमध. पोत्यात गोटा टाकनारा गोटा मधातच टाकते."

त्यानं पेचकस घेतला आणि दुसऱ्या डब्ब्याचं झाकण काढलं. आत मधोमध, तळाले, एक लोखंडी पट्टी बोल्टानं आवळलेली. तिचा कोणत्याच तारेशी संबंध नव्हता. कोण्या कंपनीनं डब्बा हातात भारी लागावा म्हणून घातली होती. मिस्त्रीनं तो डब्बा मुद्दाम विकत घेऊन नमुन्यासाठी ठेवला होता. मग शेजारच्या दुकानात बसलेल्या सासऱ्याले हाक मारून म्हणाला, "फूलवाले, जवाई हातवाला भेटला तुमाले."

तेव्हापासून मी त्याचा जवाई झालो. बायकोले तो बाई म्हणायचा, अगदी ती फ्रॉकमधली पोर असल्यापासून. आपल्या लोकांत असते तसंच, माहेरच्या गल्लीचा जवाई सगळ्या गल्लीचा. ईदच्या दिवशी मी अकोल्यात असलो तर शिरखुर्म्याचा पहिला वाडगा मले यायचा.

त्यानं तेव्हा शिकवलं ते मी लिहून ठेवतो, कारण आता सांगणारा कोणी राहिला नाही. डब्ब्यात सगळ्यात जड असते तो ट्रान्सफॉर्मर. लोखंडाच्या पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेली असते. तांबं महाग, म्हणून चोरी तिथंच होते. आणि खरा कारागीर त्याले एका कोपऱ्यात, आवाजाच्या तारांपासून दूर बसवते, नाहीतर स्पीकरमधून सारखी गुणगुण येते. म्हणून खरं वजन एका कोपऱ्यात. डब्बा हातात वाकडा बसला पाहिजे, असं तो म्हणायचा. बरोब्बर बसला तर घरी नेऊ नका.

स्पीकरची पेटी तो आधी वाजवायचा, मग हुंगायचा. बोटाच्या पेरानं टकटक केल्यावर भोपळ्यासारखा आवाज आला तर पेटी वाया गेली. दाबलेल्या भुशाची पेटी त्याले वासानं कळायची. चार पावसाळ्यांत फुगते म्हणे, आणि मग पेटीच गाते, स्पीकर नाही. तो प्लायवूड वापरायचा. झाकणाले डिंक कधीच लावत नसे, पितळी स्क्रू लावायचा. ज्याले उघडता येत नाही ते घेऊ नये, हे तर तो दिवसातून दोनदा म्हणायचा. डिंकानं बंद केलेला डब्बा दिसला की त्याचा चेहरा असा व्हायचा जसा कोणी त्याच्यासमोर खोटी शपथ घेतली.

एकदा कोणी नवा, मोठा, निळ्या दिव्यांचा सेट दाखवायले आणला. खोक्यावर हजारो वॉट छापले होते. मिस्त्री ते खोकं लय वेळ वाचत बसला आणि शांतपणे म्हणाला, एवढे वॉट खरे असते तर तुमी बटन दाबल्याबरोबर बाळापूरपर्यंत लाईट गेली असती. मग त्यानं हिशेब मांडला. अर्धे पैसे तुमी खोक्याले आनि जाहिरातीले देले, पाव या दिव्यायले, उरले त्यातले रिमोटले. आवाजाले काय ठेवलं? हा डोयाचा माल हाय, डोयानं ऐका. तो माणूस पुन्हा कधी आला नाही. मिस्त्रीची अर्धी गिऱ्हाइकं अशी गेली.

स्वस्त तो नव्हता. वर्षाले चार डब्बे बनवले तर लय. दिलेल्या तारखेले एकही नाही. तगादा लावला तर डब्बा घेऊन जा म्हणायचा, आहे तसा, उघडा. त्याच्या स्वतःच्या घरातला पंखा वर्षानुवर्षं करकर करत होता. त्याची बायको म्हणे, "साऱ्या दुनियेचा आवाज साफ करते, इथं मात्र पंख्याखाली झोप येत नाई." तो म्हणायचा, त्या पंख्याचा आवाज खरा हाय, त्याले काय झालं ते तो सांगून राहिला.

आणखी एक चाल त्याची. प्रत्येक डब्ब्याच्या झाकणाच्या आतून तो पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. आत काय काय आहे, कशाचं वजन किती, आणि कोणासाठी बनवला. पैसे देणाऱ्याचं नाव बिलावर, ऐकणाऱ्याचं आत. तो उर्दू शाळेत शिकलेला, पण हे मात्र मराठी अक्षरात लिहायचा, वाकडंतिकडं, कारण पुढं कोणीही उघडलं तरी वाचता आलं पाहिजे. मी हसायचो. म्हणायचो, मिस्त्री, आतलं कोन वाचते? तो म्हणायचा, वाचो नाई तर नको वाचो, लिहिनं माहं काम.

ऐकणाऱ्याले पाहिल्याशिवाय तो डब्बा करत नसे. घरी यायचा. भिंती हुंगायचा, कोपऱ्यात टाळी वाजवायचा, ऐकणारा कुठं बसते ते विचारायचा आणि तो रोज जे करते ते त्याले करायले सांगून आपण गुपचूप बसायचा. लोकांना वाटे, सोयरिकीले आला का हा माणूस.

आता प्राध्यापकाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

अमरावतीचे एक प्राध्यापक होते, गाण्याचे लय शौकीन. त्यांच्याकडे मिस्त्रीचाच डब्बा होता. त्यांनी बाहेरून एक वायर मागवली, डब्ब्यापासून स्पीकरपर्यंत जोडायची. ती वायर एवढ्या किमतीची होती की मी ऐकून खालीच बसलो. वायर दाखवायले ते अकोल्याले आले. मी सासुरवाडीले गेलो होतो म्हणून दुकानातच होतो. मिस्त्रीनं मधात चादर टांगली, चादरीमागं एकदा त्यांची वायर जोडली, एकदा दिव्याची साधी वायर, पाच-सहा वेळा आलटून पालटून. प्राध्यापक डोळे मिटून बोट वर करायचे, ही चांगली, ही चांगली. प्रत्येक वेळी बोट दिव्याच्या वायरीले. मी चादरीच्या बाजूनं पाहत होतो. मले हसू आवरेना.

मिस्त्रीनं चादर काढली आणि म्हणाला, "सर, बराबर ओळखली तुमी. तुमचीच वायर चांगली हाय." प्राध्यापक एवढे खूश झाले की आम्हा सगळ्यायले रसमलाई खाऊ घातली.

ते गेल्यावर मी म्हणालो, खोटं कायले बोलले? एरवी तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर खरं सांगता.

तो तांब्याची तार गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, "जे घेनार हाय त्याले सांगावं. ज्यानं घेतलं त्याचे पैसे तर गेले, जवाई. आता त्याचं सुख बी कायले घेऊ?"

मी ते तेव्हा गंमत म्हणून अमरावतीले येऊन बायकोले सांगितलं. ती हसली नाही. भाईजान चांगले हायेत, एवढंच म्हणाली.

मी रिटायर झालो तेव्हा मनात एकच होतं. तिच्यासाठी एक चांगला डब्बा घ्यायचा. सारं आयुष्य तिनं एका खरखरत्या ट्रान्झिस्टरवर काढलं होतं. सकाळी भजनं, दुपारी श्रुतिका, आणि मागच्या दारात बसून हार गुंफणं. फुलवाल्याची पोर, हातात सुईदोरा नसला तर तिले करमत नसे. शेजारच्या मंदिरात रोजचा हार आमच्या घरून जायचा, फुकट.

मिस्त्रीले बोलावलं. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याले उतरला, हातात पिशवी, पिशवीत एक लहान रेडिओ आणि चाव्यांचा जुडगा. भिंती हुंगल्या, टाळ्या वाजवल्या. मग तिले म्हणाला, "बाई, तुमी तुमच्या जागी बसा. मी इथी नाईच असं समजा." ती हसून मागच्या दारात बसली आणि हार गुंफू लागली. त्यानं रेडिओ लावला, कधी आवाज चढवला, कधी उतरवला, कधी नुसता बारका केला. मले वाटलं, आता हा दोन तास घेते. मी चहा ठेवायले उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. मिस्त्री तिच्या पाठीमागं उजव्या अंगाले उभा होता. त्यानं चाव्यांचा जुडगा फरशीवर टाकला. मी दचकलो. ती गुंफतच राहिली. मग तो डाव्या अंगाले गेला आणि जुडगा जरा हळू टाकला. तिनं मान वळवली. "काय पडलं, भाईजान?"

"चाव्या, बाई," तो म्हणाला.

बाहेरच्या ओट्यावर चहा घेताना त्यानं मले सांगितलं. "डब्बा मी बनवतो, जवाई. पन पहिले डाक्टरले दाखवा. बाईच्या उजव्या कानात काई राहिलं नाई. डाव्यात बी वरचे सूर गेले."

मले राग आला. का आला ते आज विचारलं तर सांगता येत नाही. मी म्हणालो, तुमी डब्बे पाहा मिस्त्री, मानसं नोका पाहू. चाळीस वर्षं तिच्यासंगं राहून राहिलो, मले समजलं नाई अन् तुमाले चाव्या पाडून समजलं?

"तुमी तिच्याशी समोरून बोलता," तो म्हणाला. "ती तुमचे ओठ पाहते."

त्यावर मी जे बोललो ते बोललो. "भाव वाढवायची हे नवी तऱ्हा काढली का?" असं. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाले.

त्यानं कप खाली ठेवला. चहा अर्धा होता. चप्पल घातली, पिशवी घेतली, आणि दारातून तिले मोठ्यानं, तोंड तिच्याकडं करून म्हणाला, "येतो, बाई." तिनं त्याच्या घरच्यांसाठी मोगऱ्याचा गजरा बांधून दिला. तिले काही कळलं नव्हतं. असं मले तेव्हा वाटलं.

त्याच आठवड्यात मी अमरावतीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो. नाव सांगत नाही, त्याची काही चूक नाही. तिथं भिंतभर सेट, सगळे चमकणारे. विकणाऱ्यानं मले काका, काका करून तीन दाखवले. मी म्हणालो, वॉट सांगू नका, हातात द्या. मले माझ्या हाताची मोठी मिजास. पहिले दोन हलके होते. तिसरा हातात घेतला आणि वाटलं, हा माल. भारी होता, आणि धरायले एकदम नीट, जसं सव्वा महिन्याचं लेकरू धरावं. मी काउंटरवर ठेवून म्हणालो, हा बांधा. मिस्त्रीनं मागितली असती त्याच्या निम्म्या किमतीत आला. वाटेत ऑटोमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो आणि मनात मिस्त्रीशी भांडत होतो, पाहा, म्हणालो, तुमच्याबिगर बी माल भेटते.

चाळीस वर्षं दुसऱ्याचं पोतं तोललं, मधात गोटा आहे का पाहिलं. स्वतःचं पोतं घेताना पाहिलं नाही.

घरी लावला. निळे दिवे लागले, मांजरीच्या डोळ्यासारखे. ती समोर बसली, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "चांगला हाय. लय चांगला घेतला." मी मुलाले फोन करून सांगितलं, तुझी आई खूश झाली.

पुढं काय झालं ते मी कोणाले सांगितलं नव्हतं. ती आवाज चढवायची, शेवटच्या खुणेपर्यंत. पेटी थरथरायची. शेजारी दोनदा येऊन गेले. मी चिडायचो. "बहिरी झाली का तू?" हे मी तिले म्हणायचो. एकदा नाही. कुकरच्या शिट्या होऊन डाळ करपली तेव्हा म्हणालो. मागून हाक मारली आणि ओ दिली नाही तेव्हा म्हणालो. पाहुण्यांसमोर म्हणालो, आणि पाहुणे हसले. ती पण हसली. ती माझे ओठ पाहत होती, म्हणजे तिनं ते दर वेळी बराबर वाचलं असन.

मिस्त्रीनं सांगितलेलं माझ्या ध्यानात होतं. विसरलो नव्हतो. पण ते खरं धरलं तर तो खरा ठरत होता आणि मी त्याले बोललो ते उरत होतं. म्हणून मी ठरवून टाकलं की ती हट्टी झाली आहे, म्हातारपणी बायका होतात तशी. हळूहळू तिनं सेट लावणंच सोडलं. त्याच्यावर रुमाल घातला, रुमालावर गणपती ठेवला. घरात बोलणं कमी झालं. मले वाटायचं, रुसून राहिली. ती वर्षातून चार-पाचदा माहेरी जायची, आणि येताना मात्र तोंडावर तेज असायचं. मी म्हणायचो, अकोल्याचं पानी मानवते तुले.

ती आजारी पडली आणि नऊ दिवसांत गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं तिच्याशी दोन वाक्यं बोलून मले विचारलं, यांना कमी कधीपासून ऐकू येते? मी नुसता उठून उभा राहिलो. डॉक्टरीणबाई पलंगाच्या डाव्या अंगाले गेली, वाकून विचारू लागली, आणि बायको बराबर उत्तरं देऊ लागली. नऊ दिवस मी त्या पलंगाच्या उजव्या अंगाले बसलो होतो. तिथं खुर्ची होती म्हणून.

तेरवी झाल्यावर महिनाभरानं मी रुमाल काढून सेट लावला. लागला नाही. दिवे लागले, आवाज नाही. दुकानवाला म्हणाला, काका, हा दुरुस्त होत नसते, नवीन घ्या. मी तो चादरीत बांधून अकोल्याच्या बसमध्ये बसलो. मूर्तिजापूर गेलं तरी मिस्त्रीले काय म्हणावं ते सुचेना.

तो म्हातारा झाला होता. हात थरथरत होते, पेचकस धरला की मात्र थांबायचे. मले पाहून उठला, गळ्याले लागला, बाईचं कळलं म्हणाला. मी चादर सोडली. त्यानं सेट हातावर घेतला, आणि मले दिसलं की त्याले हातावर घेतल्या घेतल्याच समजलं. डिंकानं बंद होता, म्हणून पात्यानं कड कापावी लागली. झाकण काढून त्यानं डब्बा माझ्याकडं फिरवला. एका कोपऱ्यात पेढ्याएवढा ट्रान्सफॉर्मर. आणि मधोमध, तळाले, सिमेंटची वीट ओतलेली.

मी म्हणालो, "बोला, मिस्त्री. मले बोला."

तो म्हणाला, "तुमी घेऊन बसले होते, जवाई. आता काय बोलू?"

तेव्हा मले प्राध्यापक आठवले. रसमलाई आठवली, आणि ती का हसली नव्हती ते.

मग त्यानं बाकाखालून कापडात गुंडाळलेला एक डब्बा काढून माझ्या हातावर दिला. डोळे मिटा म्हणाला नाही, पण माझे मिटले. वाकडा बसला. सगळं वजन डाव्या कोपऱ्यात.

त्यानं सांगितलं ते असं. मी त्याले ओट्यावरून वाटेले लावलं त्याच साली ती माहेरी गेली तेव्हा त्याच्या दुकानात जाऊन बसली. म्हणाली, भाईजान, तुमी चाव्या कावून पाडल्या ते मले समजलं. कमी ऐकू येते हे तिनं त्याच्यापाशी कबूल केलं. त्यानं डब्बा बनवायले घेतला. दर खेपेले ती त्या स्टुलावर बसायची, तो आवाज बदलायचा, हे आलं का, हे आलं का, आणि ती मान हलवायची. दोन वर्षांत डब्बा तिच्या कानाले लागला. तो म्हणाला, घेऊन जा बाई, पैशाचं पाहू नका. तिनं नेला नाही.

"कावून?" मी विचारलं.

"म्हने, त्याईनं मोठ्या हौसेनं आनला हाय. हा घरी नेला तर त्याईचा डब्बा खोटा पडन."

म्हणून ती अकोल्याले येऊन ऐकायची. फुलांच्या दुकानातून सुईदोरा आणि फुलं घेऊन यायची, स्टुलावर बसून हार गुंफायची आणि दोन-दोन तास ऐकायची. पूर्ण साफ. मिस्त्री म्हणाला, तिच्या हातातलं काम झालं की हार माह्याच दुकानाच्या दाराले लावून जायची.

मी झाकण उघडायले सांगितलं. पितळी स्क्रू, चार. आतून पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. ट्रान्सफॉर्मर किती, तांबं किती, पत्रा किती. खाली तिचं माहेरचं नाव. आणि त्याखाली: उजवा कान बंद. डाव्या अंगाले ठेवणे. मागून हाक मारू नये.

त्यानं तिथंच लावून दाखवला. मले कर्कश लागला. नुसती धार, किरकिर, दात आंबल्यासारखं. मिस्त्री म्हणाला, तिचे वरचे सूर गेले होते म्हणून तेच वाढवले हायेत, तुमाले असंच लागन. "एक दिवस ठेवा. तुमच्या कानाचा करून देतो."

मी म्हणालो, राहू द्या.

दुसऱ्या सालच्या थंडीत मिस्त्री गेला. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. मी त्याले झालेलं बोलणं माफ करा असं शेवटपर्यंत म्हणालो नाही. अकोल्याले गेलो की जाऊन बसायचो, तो चहा मागवायचा, मी पूर्ण प्यायचो. तेवढंच केलं.

तो डब्बा मी त्याच्या स्पीकरसंगं मागच्या दाराशी, तिच्या जागेच्या डाव्या अंगाले ठेवला. रोज सकाळी तिथं बसून भजनं लावायचो आणि सोसायचो. ती धार कानात घ्यायची, हे मी स्वतःवर घालून घेतलं होतं. सून आली की म्हणे, बाबा, तुमाले त्रास होते तर बंद कावून नाई करत. वर्षं गेली अशी.

मागच्या दिवाळीले मुलगा आला होता. सकाळी तो माझ्या पाठीमागं उभा राहून काहीतरी विचारत होता, म्हणे तीनदा विचारलं. मग समोर येऊन माझ्या तोंडाजवळ बोलला. म्हणाला, बाबा, तुमाले ऐकू येऊन नाई राहिलं का? मी म्हणालो, हातानं दाखव, कुठं उभा होता. त्यानं दाखवलं. उजव्या अंगाले.

तेव्हा मले ध्यानात आलं की दोन-तीन महिन्यांपासून तो डब्बा मले कर्कश लागत नव्हता. धार गेली होती. टाळ वेगळे, हार्मोनियम वेगळी, गाणाऱ्याचा श्वास वेगळा, सगळं साफ येत होतं. मिस्त्रीचं काम चोख होतं. ती त्या स्टुलावर बसून दोन तास काय ऐकत होती ते मी आता रोज ऐकतो.